४६ नंबरच्या कोर्टाबाहेरची पाटी : न्यायमूर्ती छागलांची गोष्ट

कुठे आहात? लोकलमध्ये, एसटीच्या खिडकीत, की मेसचं जेवण उरकून रूमवर चालत निघालाय? जिथे असाल तिथे हेडफोन नीट लावा. आजचा भाग जरा मोठा आहे.

मागच्या महिन्यात बऱ्याच जणांनी व्हॉइस नोट पाठवून एकच प्रश्न विचारला होता : ताई, तू लॉ केलंस, मग एखाद्या जजवर एपिसोड का नाही करत? खरं सांगू, मी टाळत होते. कारण जज म्हटलं की मला आधी आमचे आजोबा आठवतात.

कराडजवळ आमची थोडी शेती आहे. तिच्या वाटणीचा दावा मी पहिलीत होते तेव्हापासून चालू. आजोबा तारखेच्या दिवशी धोतर-टोपी इस्त्रीची घालायचे आणि सकाळच्या गाडीने निघायचे. संध्याकाळी परत आले की आजी विचारायची, "काय झालं?" ते म्हणायचे, "पुढची तारीख." एकदा मात्र खुशीत आले. दोन्ही बाजूंचे युक्तिवाद संपले होते आणि निकाल राखून ठेवला होता. आजीने शिरा केला. मग सहा महिने काहीच नाही. नंतर कळलं, साहेबांची बदली झाली. नवे साहेब आले, म्हणजे युक्तिवाद पुन्हा पहिल्यापासून. आजोबा निकाल न बघताच गेले. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये असं आपल्याकडे म्हणतात. आमच्या घरात ती म्हण कुणी उच्चारत नाही, कारण आम्ही ती पायरी झिजवली आहे.

म्हणूनच लॉच्या तिसऱ्या वर्षी एका वकिलांकडे इंटर्नशिप करताना एका जुन्या न्यायमूर्तींबद्दल ऐकलं आणि मी थबकले. ते युक्तिवाद संपले की बहुतेक वेळा तिथेच, खुर्चीत बसूनच, स्टेनोला निकाल सांगायला लागायचे. राखून ठेवणं वगैरे अगदी क्वचित. नाव महंमद करीम छागला. सगळे एम. सी. छागला म्हणायचे. १९४७ ते १९५८ या काळात ते मुंबई हायकोर्टाचे मुख्य न्यायमूर्ती होते. या पदावर कायम नेमणूक झालेले पहिले भारतीय.

पण गोष्ट त्यांच्यापासून नाही, एका पाटीपासून सुरू होते.

फोर्टमधली हायकोर्टाची इमारत तुम्ही बाहेरून नक्की पाहिली असेल. काळा दगड, उंच मनोरे, ओव्हल मैदानाच्या कडेला. १८७८ पासून कोर्ट तिथे आहे. आतमध्ये ४६ नंबरची कोर्टरूम आहे, जुन्या लोकांच्या भाषेत सेंट्रल कोर्ट. तिच्या दाराबाहेर भिंतीवर एक संगमरवरी पाटी आहे. मी पहिल्यांदा तिथून गेले तेव्हा हातात फायलींचा गठ्ठा होता आणि सर पुढे पळत होते. तरी थांबले. पाटीवर टिळकांचे शब्द आहेत. लोकमान्य टिळकांचे.

आता जुलै १९०८ मध्ये चला. 'केसरी'तल्या लेखांवरून टिळकांवर राजद्रोहाचा खटला. ज्यूरीत नऊ जण, त्यांतले सात युरोपियन आणि दोन पारशी. २२ जुलैला रात्री निकाल आला. सात विरुद्ध दोन, दोषी. न्यायाधीश होते न्यायमूर्ती दिनशा दावर. शिक्षा ठोठावण्याआधी विचारतात ना, काही सांगायचंय का? टिळकांनी सांगितलं. ज्यूरीने काहीही म्हटलं तरी मी निर्दोष आहे. या कोर्टाहून वरची एक सत्ता आहे. आणि मी बाहेर राहण्यापेक्षा मी सोसल्यानेच माझं कार्य जास्त वाढावं, अशीच कदाचित तिची इच्छा असेल. हा मी सांगितलेला आशय आहे, मूळ शब्द पाटीवर जाऊन वाचा. दावर यांनी सहा वर्षं काळ्या पाण्याची शिक्षा दिली. दुसऱ्या दिवशी टिळकांचा वाढदिवस होता. मुंबईतल्या गिरणी कामगारांनी सहा दिवस संप केला, वर्षाला एक दिवस. टिळक मंडालेला गेले.

यात एक गंमत आहे, अर्थात कडू गंमत. १८९७ मध्ये टिळकांवर पहिला राजद्रोहाचा खटला झाला तेव्हा त्यांच्या जामिनासाठी उभे राहिलेले बॅरिस्टर कोण? हेच दिनशा दावर. तेव्हा जामीन दिला न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजींनी. अकरा वर्षांनी दावर स्वतः खुर्चीत होते आणि समोर टिळकांचा जामीन मागत एक तरुण बॅरिस्टर उभा होता. दावर यांनी जामीन नाकारला. त्या तरुण बॅरिस्टरचं नाव महंमद अली जिना.

हो, तेच.

आणि याच जिनांच्या चेंबरमध्ये पुढे छागला वकिली शिकले. म्हणून ही सगळी पार्श्वभूमी सांगितली.

छागलांचा जन्म १९०० चा, मुंबईतल्या खोजा घरातला. घरात व्यापार, त्यामुळे आडनाव मर्चंट. मुंबईत मर्चंट ढिगाने. पोराला ते आवडेना. तेव्हा घरातूनच छागला हे नाव सुचवलं गेलं. कच्छीत त्याचा अर्थ लाडका, असं ते सांगायचे. शिक्षण सेंट झेवियर्समध्ये, मग ऑक्सफर्डला इतिहास, मग बॅरिस्टर होऊन १९२२ मध्ये मुंबईत परत.

परत आल्यावर काय? काही नाही. ब्रीफच येईनात. ऑक्सफर्डची पदवी घेऊन हा माणूस बार लायब्ररीत बसून राहायचा. हा भाग मी मुद्दाम सांगतेय, कारण आपल्यातले निम्मे लोक सध्या "अप्लाय केलंय, कॉल येईल" या अवस्थेत आहेत. छागलांची ती अवस्था काही वर्षं चालली. त्याच काळात ते गव्हर्नमेंट लॉ कॉलेजात शिकवायला लागले. त्याच सुमारास तिथे डॉ. आंबेडकरही शिकवत होते. त्या बॅचच्या मुलांचा हेवा वाटतो.

जिनांकडे काम करताना छागलांनी एक किस्सा ऐकला. पुढे त्यांनी तो आपल्या आत्मचरित्रात लिहून ठेवला. दावर यांना सरकारने सर किताब दिला. बारने त्यांना जेवण द्यायचं ठरवलं आणि वर्गणीसाठी परिपत्रक फिरवलं. ते जिनांकडे आलं तेव्हा त्यांनी त्यावरच लिहिलं की सरकारला हवं तेच करून, एका मोठ्या देशभक्ताला रानटी शिक्षा देऊन ज्याने हा किताब मिळवला, त्याला जेवण द्यायची बारला लाज वाटायला हवी. हे दावरांच्या कानावर गेलं. त्यांनी जिनांना चेंबरमध्ये बोलावलं. विचारलं, मी तुम्हाला माझ्या कोर्टात कसं वागवतो? जिना म्हणाले, नेहमी चांगलं. मग असं का लिहिलंत? जिनांचं उत्तर असं की ते खरं आहे म्हणून. तुम्ही माझ्याशी कितीही चांगलं वागलात तरी टिळकांचा खटला ज्या पद्धतीने चालवलात त्याबद्दलची माझी चीड मी लपवणार नाही.

विचार करा, ज्याची रोजीरोटी त्या न्यायाधीशांसमोर उभं राहण्यात आहे, तो वकील हे बोलतो. या जिनांवर छागलांचा जीव होता. ते मुस्लिम लीगमध्ये गेले तेही जिनांमुळे. मग १९२८ चा नेहरू रिपोर्ट आला. जिना परदेशात होते. छागलांनी रिपोर्टला पाठिंबा दिला. जिना परतले ते संतापूनच. तिथून वाटा फुटल्या. द्विराष्ट्रवाद छागलांना कधीच पटला नाही. जिना कराचीला गेले, पाकिस्तानचे गव्हर्नर जनरल झाले. त्यांचा शिष्य त्याच १९४७ सालच्या ऑगस्टमध्ये मुंबई हायकोर्टाच्या सर्वांत वरच्या खुर्चीत बसला. गुरूचे राजकारण सोडलं, पण दावरांसमोरचा तो बाणा बहुतेक त्यांनी सोडला नसावा. हे माझं मत आहे. पुढचं ऐकून तुम्ही ठरवा.

छागला १९४१ मध्ये न्यायमूर्ती झाले, वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी. त्यांचे सगळे निकाल सांगत बसले तर चार एपिसोड होतील. मला सर्वांत इंटरेस्टिंग वाटतात ते दोन.

पहिला दारूबंदीचा. हसू नका. स्वातंत्र्यानंतर मुंबई प्रांतात बाळासाहेब खेर मुख्यमंत्री होते, मोरारजी देसाई गृहमंत्री, आणि १९४९ चा दारूबंदी कायदा आला. बलसारा नावाचे एक पारशी गृहस्थ कोर्टात गेले. राज्यघटना नुकतीच लागू झाली होती, कोरी करकरीत. त्यांचं म्हणणं, या कायद्याने माझे मूलभूत हक्क मोडतात. कायदा इतका पसरट होता की अल्कोहोल असलेली औषधं आणि कोलोनसुद्धा त्यात अडकत होते. छागलांच्या खंडपीठाने १९५० मध्ये त्यातली बरीच कलमं घटनाबाह्य ठरवली. गृहमंत्र्यांच्या जिव्हाळ्याचा कायदा, आणि हायकोर्ट म्हणतं, यातलं बरंच चालणार नाही. पुढे १९५१ मध्ये सुप्रीम कोर्टाने त्यातली पुष्कळ कलमं परत जिवंत केली, औषधं आणि प्रसाधनं मात्र सोडवली. म्हणजे छागला अर्धेच टिकले म्हणा ना. पण घटना नऊ महिन्यांचीही नव्हती, तेव्हा सरकारच्या लाडक्या कायद्याला हात घालायला धाडस लागतं.

दुसरा निकाल मला आवडत नाही, आणि तोही सांगायला हवा. १९५१, नरसू आप्पा माळी प्रकरण. मुंबई प्रांताने १९४६ मध्ये हिंदू पुरुषांच्या दुसऱ्या लग्नाला बंदी केली होती. आक्षेप असा की फक्त हिंदूंनाच का? छागला आणि गजेंद्रगडकर या दोघांनी बंदी उचलून धरली. सुधारणा टप्प्याटप्प्याने होऊ शकते असं म्हटलं. इथपर्यंत ठीक. पण त्याच निकालात असंही म्हटलं गेलं की व्यक्तिगत कायदे, म्हणजे लग्न-घटस्फोट-वारशाचे धर्माधारित नियम, मूलभूत हक्कांच्या कसोटीवर तपासता येत नाहीत. या एका मुद्द्याने पुढची कितीतरी वर्षं बायकांची वाट अडवली. शबरीमलाच्या २०१८ च्या निकालात न्यायमूर्ती चंद्रचूडांनी त्यावर स्पष्ट टीका केली. गंमत म्हणजे स्वतः छागला आयुष्यभर समान नागरी कायद्याच्या बाजूने बोलत राहिले. माणूस आणि त्याचा निकाल, दोन्ही एका ओळीत बसतातच असं नाही.

मग आलं १९५६. मराठी माणसाला हे साल सांगायला नको. मुंबईसाठी गोळीबार झालेला, रस्त्यावर रक्त सांडलेलं. १ नोव्हेंबरला द्विभाषिक मुंबई राज्य झालं, यशवंतराव मुख्यमंत्री झाले. त्या काही आठवड्यांत राज्यपालपदाचा तात्पुरता भार छागलांकडेच होता. आणि हेच टिळकांच्या जन्मशताब्दीचं वर्ष.

त्या वर्षी त्या कोर्टरूमबाहेर ती संगमरवरी पाटी लागली. अनावरण केलं मुख्य न्यायमूर्ती छागलांनी. भाषणात त्यांनी गोलमोल काही ठेवलं नाही. टिळकांना झालेली शिक्षा हा या न्यायालयावरचा डाग आहे आणि आपण तो पुसायला आलो आहोत, अशा अर्थाचं ते बोलले. जे कोर्ट माणसाला दोषी ठरवतं, तेच कोर्ट त्याचे शब्द आपल्या भिंतीवर कोरतं. मला वाटतं, अनावरण करताना त्यांच्या डोक्यात दावरांच्या चेंबरमध्ये उभा असलेला तो बॅरिस्टर असणारच. फाळणी होऊन नऊ वर्षं झाली होती, जिनांचं नाव चांगल्या अर्थाने घ्यायची सोय उरली नव्हती.

आता १९५८. मुंध्रा प्रकरण. एलआयसी नुकतीच जन्मली होती, १९५६ मध्ये, दोनशेहून जास्त खासगी विमा कंपन्यांचं राष्ट्रीयीकरण करून. म्हणजे पैसा सामान्य विमेदारांचा. १९५७ मध्ये एलआयसीने हरिदास मुंध्रा या उद्योगपतीच्या सहा कंपन्यांचे शेअर सव्वा कोटी रुपयांच्या आसपास घेतले. आजच्या स्कॅमच्या मानाने किरकोळ आकडा वाटेल, तेव्हा नव्हता. संसदेत हे बाहेर काढलं फिरोज गांधींनी, म्हणजे पंतप्रधान नेहरूंच्या जावयांनी. सरकारने छागलांचा एकसदस्यीय आयोग नेमला.

छागलांनी चौकशी उघड्यावर ठेवली. मुंबईत. कुणीही या आणि ऐका. इतके लोक आले की आत मावेनात, म्हणून बाहेर लाउडस्पीकर लावले. अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी, अर्थसचिव एच. एम. पटेल, स्वतः मुंध्रा, सगळ्यांची साक्ष लोकांनी रस्त्यावर उभं राहून ऐकली. आयोगाला मदत करायला ॲटर्नी जनरल मोतीलाल सेटलवाड होते. हे नाव लक्षात ठेवा. आणि अहवाल किती दिवसांत? महिन्याभराच्या आत! अर्थमंत्री म्हणत होते, व्यवहार सचिवाने केला, मला माहीत नव्हतं. छागलांनी म्हटलं, सचिवाच्या कामाची घटनात्मक जबाबदारी मंत्र्याचीच. फेब्रुवारीत कृष्णम्माचारींनी राजीनामा दिला.

इथे एपिसोड संपवला असता तर छान हिरोची गोष्ट झाली असती. पण ते सेटलवाड.

१९५५ मध्ये स्वतंत्र भारताचा पहिला विधी आयोग नेमला गेला. सेटलवाड अध्यक्ष, छागला सदस्य. आयोगाच्या चौदाव्या अहवालात एक शिफारस आहे : न्यायाधीशांनी निवृत्तीनंतर सरकारी पदं घेऊ नयेत. का? कारण समोर सरकार पक्षकार असतं आणि खुर्चीतल्या माणसाची नजर निवृत्तीनंतरच्या पदावर असली तर न्याय कसा होणार? शिफारशीला छागलांची संमती होती. अहवाल आला १९५८ मध्ये. आणि त्याच वर्षी छागला हायकोर्टातून उठले ते थेट अमेरिकेत भारताचे राजदूत म्हणून गेले.

सेटलवाडांनी हे विसरलं नाही. १९७० मध्ये आलेल्या आपल्या आत्मचरित्रात त्यांनी यावर कडक टीका केली. ज्यांच्याबरोबर एका टेबलावर बसून शिफारस लिहिली, त्यांनीच ती शाई वाळायच्या आत बाजूला ठेवली, हे त्यांना लागलं होतं.

मी यावर खूप विचार केलाय. छागलांच्या बाजूने एक गोष्ट बोलता येते. नेहरूंनी त्यांना उपकार फेडायला पाठवलं असं कुणी म्हणू शकत नाही, कारण छागलांच्या अहवालामुळेच तर नेहरूंचा अर्थमंत्री गेला होता. शिवाय पुढे त्यांनी जे केलं ते खुर्चीला चिकटणाऱ्याचं नव्हतं. शिक्षणमंत्री असताना कोठारी आयोग नेमला गेला, मग परराष्ट्रमंत्री झाले, आणि १९६७ मध्ये भाषाधोरण पटलं नाही म्हणून राजीनामा देऊन बाहेर पडले. (इंग्रजी घाईने काढू नका असं त्यांचं म्हणणं. त्यावर मराठीतून पॉडकास्ट करणारी मी त्यांच्याशी भांडले असते, पण तो वेगळा विषय.) हे सगळं खरं. तरी माझं उत्तर सेटलवाडांच्या बाजूनेच जातं. नियम चांगल्या माणसांसाठी शिथिल केला की तो उरतच नाही, कारण पुढचा प्रत्येक जण स्वतःला चांगलाच समजतो. आजही एखादे न्यायमूर्ती निवृत्त होऊन कुठल्या पदावर गेले की टीव्हीवर हीच चर्चा होते, आणि कुणीतरी हमखास म्हणतं, छागलाही गेले होते की!

शेवटचा प्रसंग आणीबाणीतला. १९७५, छागला पंचाहत्तरीचे. भलेभले गप्प. ऑक्टोबरमध्ये अहमदाबादला नागरी स्वातंत्र्य परिषद झाली. तिथे ते उघड बोलले. ते भाषण छापल्याबद्दल 'भूमिपुत्र' या गुजराती नियतकालिकावर कारवाई झाली आणि प्रकरण गुजरात हायकोर्टात गेलं. त्याच महिन्यात मुंबईत वकिलांची खासगी सभा ठरली होती, छागला बोलणार होते. पोलिसांनी परवानगी नाकारली. वकील हायकोर्टात गेले आणि न्यायमूर्ती तुळजापूरकरांच्या खंडपीठाने पोलिसांची ती बंदी रद्द केली. म्हणजे छागलांनी अकरा वर्षं जे कोर्ट चालवलं, तेच त्यांच्या बोलण्याच्या हक्कासाठी उभं राहिलं. आणि सभा कुठे ठरली होती माहितेय? मुंबईतल्या जिना हॉलमध्ये.

९ फेब्रुवारी १९८१ ला ते गेले. त्यांच्या इच्छेप्रमाणे दहन झालं. हायकोर्टात त्यांचा पुतळा आहे.

आमचा दावा? चालू आहे. आता बाबा जातात, तीच सकाळची गाडी. गेल्या तारखेला मी सोबत गेले होते, वकील म्हणून नाही, मुलगी म्हणून. युक्तिवाद संपले. साहेबांनी मान वर केली आणि मी नकळत स्टेनोकडे बघितलं. त्यांनी टोपण लावून पेन खिशात ठेवलं होतं. निकाल राखून ठेवलाय.

तुम्हाला काय वाटतं, छागलांनी राजदूतपद घ्यायला हवं होतं की नको? एका मिनिटाच्या आतली व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या भागात चार-पाच ऐकवते. भेटूच.